जागच्या जागी धावणारी गाडी

ओसाकातल्या एका खासगी रेल्वेकडे अशी एक गाडी होती, जी कधीच कुठे गेली नाही. मोटरमनची केबिन तेवढी खरी होती, तीही एका जुन्या डब्यातून कापून आणलेली. पुढच्या काचेबाहेर पडदा, पडद्यावर फिल्ममधले रूळ, आणि केबिनच्या मागच्या भिंतीपलीकडे फिकट हिरव्या रंगाची चार लोखंडी कपाटं. शिकाऊ मोटरमनने हँडल ओढलं की ती कपाटं हिशेब करायची, फिल्म जोरात पळायला लागायची, काटे हलायचे आणि आपण निघालो असं वाटायचं. ब्रेक लावला की फिल्म मंदावायची. स्टेशनात थांबून केबिनचं दार उघडावं, तर समोर पुन्हा तोच तळमजला आणि तेच चहा-कॉफीचं मशीन.

ती चार कपाटं म्हणजे एक संगणक होता, माझ्या जन्माच्याही आधीचा. तळमजल्याची ती इमारत पाडायची ठरली तेव्हा त्याची आणि माझी गाठ पडली.

मी पुण्याची. बरीच वर्षं ओसाकात आहे आणि मोटरमन ज्यांच्यावर शिकतात त्या यंत्रांचं, म्हणजे सिम्युलेटरचं, सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. नवे सिम्युलेटर फार देखणे असतात. पडद्यावर पाऊस पडतो, फलाटावरचे लोक छत्र्या उघडतात. त्यामुळे आमच्या विभागप्रमुखांनी हे जुनं काम माझ्या गळ्यात घातलं तेव्हा मी नाक मुरडलं. काम सांगायला सोपं होतं. रेल्वेचं एक छोटं संग्रहालय ती केबिन घ्यायला तयार होतं, पण चार कपाटं ठेवायला त्यांच्याकडे ना जागा होती, ना तेवढी वीज. तेव्हा कपाटांतला प्रोग्राम जसाच्या तसा जेवणाच्या डब्याएवढ्या नव्या संगणकावर आणायचा, म्हणजे लोकांना केबिनमध्ये बसून गाडी चालवता येईल. संग्रहालयाची अट एकच होती. ज्या जुन्या प्रशिक्षकांनी त्या केबिनमध्ये पिढ्या घडवल्या, त्यांनी बसून पाहायचं आणि ‘हो, हीच ती’ असं म्हणायचं. ते तसं म्हणाले नाहीत, तर भिंतीवर एक फोटो लागेल आणि बाकी सगळं भंगारात जाईल.

भंगाराची तयारी आधीच झाली होती. जपानमध्ये जुना सोफा टाकायचा तर त्याच्यावर मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावून ठरल्या दिवशी खाली ठेवावा लागतो. त्याच थाटात चारही कपाटांवर लाल स्टिकरं चिकटवलेली होती. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा एक वृद्ध गृहस्थ मऊ फडक्याने कपाटं पुसत होते. स्टिकर आलं की त्याच्या कडेकडेने फडकं फिरवत, स्टिकरला धक्का न लावता. टाकायच्या वस्तूवरची टाकायची चिठ्ठीसुद्धा व्यवस्थित राहावी, याला काय म्हणावं ते मला आजही कळलेलं नाही.

ते या यंत्राचे इंजिनिअर होते. तरुणपणी ज्या चार-पाच जणांनी हा प्रोग्राम लिहिला, त्यांच्यातले आता एकटेच उरलेले. ऐंशी ओलांडलेले, ताठ, घरून आणलेल्या सपाता घालून वावरणारे. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. कान जवळजवळ गेलेले होते. दोन्ही कानांत यंत्रं होती, पण पंख्यांच्या घरघरीत त्यांचा काही उपयोग नव्हता. माणसाच्या ओठांवरून ते बरंच ओळखत, मात्र माझ्या ओठांपुढे त्यांनी हात टेकले. माझं जपानी ऑफिसात चालून जातं, पण ते ओठांवर कुठल्या आकाराचं दिसतं देव जाणे. मी दोन वाक्यं बोलले की ते सौम्यपणे हसत आणि पाटीकडे हात करत. पाटी म्हणजे माझ्या मुलीची लहानपणची, चुंबकाच्या लेखणीने लिहायची आणि दांडी सरकवून पुसायची. मीच ती घरून आणली होती. मी लिहायचे, ते वाचायचे, आणि उत्तर देण्याआधी माझ्या चुकलेल्या अक्षराला मोठ्या अदबीने दुरुस्त करायचे.

रोज आल्यावर ते कपाटांना वाकून नमस्कार करत, यंत्र चालू करत आणि पहिल्या कपाटाच्या बाजूला तळहात टेकवून जरा वेळ उभे राहत. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहतात, त्यातलाच हा प्रकार असावा असं समजून मी सोडून दिलं.

मग त्यांनी मला तो संगणक शिकवायला घेतला, आणि माझं मुरडलेलं नाक हळूहळू सरळ झालं.

साध्या हिशेबाला उशीर झाला तरी चालतो. पगाराचा आकडा सकाळी आला काय आणि दुपारी आला काय, आकडा तोच. पण गाडी चालवणाऱ्याने ब्रेक लावला की त्याचं उत्तर आत्ता हवं. पोळी तव्यावर असताना उलथनं शोधून चालत नाही, तसं. म्हणून त्या संगणकाला एक ठोका ठरवून दिलेला होता. पापणी लवायच्या आत एक ठोका. तेवढ्यात गाडीचा वेग, चाकांची पकड, चढ-उतार, ब्रेकमधल्या हवेचा दाब, सगळ्याचा हिशेब पुरा करून काट्यांपर्यंत पोचवायचा आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा पहिल्यापासून. हिशेब वेळेत संपला की कपाटावरचा हिरवा दिवा लागायचा. एकदा जरी चुकला तरी दिवा विझायचा आणि गाडी जागीच बंद पडायची. उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चूकच, असा सरळ हिशेब होता.

‘सुरुवातीला दिवा लागायचाच नाही,’ सेन्सेई म्हणाले. ‘आमचं गणित लांबलचक व्हायचं. मग प्रत्येक सूचना तपासायची. हिच्यावाचून अडतं का? नसेल तर काढा. ज्या दिवशी पहिल्यांदा दिवा लागून टिकला, त्या दिवशी खोलीतले सगळे एकदम ओरडले, मानिआत्ता!’

मानिआत्ता म्हणजे वेळेत झालं, गाठलं. धावत जाऊन गाडी पकडली की इथली शाळकरी मुलंसुद्धा हेच म्हणतात. त्यानंतर त्यांच्यात तशी पद्धतच पडली. प्रोग्राममध्ये काही बदलून चालवला आणि दिवा टिकला की जो दिव्यासमोर असेल त्याने इथले मोटरमन सिग्नलकडे दाखवतात तसं बोट दाखवून मोठ्याने ‘मानिआत्ता’ म्हणायचं.

माझ्या फोनमधला एक फोटो त्या संगणकात मावला नसता. त्याची स्मरणशक्ती म्हणजे मोहरीएवढ्या चुंबकी कड्यांची जाळी होती आणि प्रत्येक कडीतून केसासारख्या तारा भिंगाखाली बायकांनी हाताने ओवल्या होत्या. एवढ्याशा जागेत या माणसांनी काय काय बसवलं होतं! ‘पाऊस’ असं लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर काहीच पडत नसे, पण रूळ ओले होत. ब्रेकची पकड सुटे, चाकं घसरत, आणि शिकणाऱ्याला घाम फुटे. त्यासाठी सेन्सेई आणि त्यांचे सोबती खऱ्या मोटरमनच्या मागे उभे राहून पावसात हिंडले होते. शरद ऋतूत रुळांवर पानं पडली की गाडी किती लांबते, तेही त्यांनी मोजून आत घातलं होतं. आमच्या देखण्या सिम्युलेटरमध्ये छत्र्या आहेत, पानं नाहीत. मला आमची जरा लाजच वाटली आणि या लोकांचा मनापासून अभिमान वाटला, जणू माझेच कोणी होते.

सेन्सेईंच्या मदतीने प्रोग्राम ओळीओळीने नव्या संगणकावर आणला. जुन्या आणि नव्या दोन्हींना हँडलच्या त्याच हालचाली दिल्या आणि वेगाचे आलेख एकावर एक ठेवले. रेषेवर रेष बसली. पुण्याहून माझ्याबरोबर काम करणारी सहकारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “अगं, डेटा शंभर टक्के मॅच होतोय. आता पार्टी दे.” मीही हवेतच होते.

ते जुने प्रशिक्षक आले. त्यांना मी मनातल्या मनात मास्तर म्हणायचे, कारण माणूस नखशिखांत मास्तर होता. पंचाहत्तरी उलटलेली, पण निवृत्तीनंतरही पांढरे हातमोजे खिशात घालून आलेले. केबिन तीच होती, फक्त तिच्यामागची तार आता कपाटांऐवजी माझ्या डब्याला जोडलेली. मास्तर बसले. हातमोजे चढवले. सिग्नलकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात सिग्नल म्हटला, वेगाच्या काट्याकडे बोट दाखवून वेग म्हटला. इथले मोटरमन असेच चालवतात. नुसतं पाहायचं नाही, बोटाने दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं. स्टेशन आलं, त्यांनी ब्रेक लावला, आणि गाडी थांबायच्या खुणेच्या पुढे गेली.

त्यांनी हातमोजे ताणून बसवले. पुन्हा निघाले. या वेळी खुणेच्या बऱ्याच अलीकडे थांबले. आणखी एकदा, तर पुन्हा पुढे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला शिकवलं, तो थांबू शकत नव्हता. त्यांचे कान लाल झाले. हातमोजे काढून त्यांनी त्यांची नीट घडी घातली आणि एवढंच म्हणाले, “चिगाउ.”

म्हणजे, ही ती नव्हे.

“काय वेगळं आहे? ब्रेक जड आहे का? उशिरा लागतो का?” मी विचारलं.

“सांगता येत नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण ही ती गाडी नाही.”

मी आलेख पुढे केले. मास्तरांनी ते आदराने पाहिले आणि आदराने परत दिले. सेन्सेईंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, पण तीन वेळा गाडी कुठे थांबली ते त्यांनी पाहिलं होतं. ते उठले आणि आमच्या विभागप्रमुखांसमोर कमरेत वाकून उभे राहिले. ‘चूक माझी असणार. माझी आठवण आता भरवशाची राहिलेली नाही. मी हिला काहीतरी चुकीचं सांगितलं असेल,’ असं ते म्हणत होते आणि डोकं वर करत नव्हते.  आकडे चुकलेले नाहीत हे मला ठाऊक होतं, पण मग काय चुकलं होतं तेही ठाऊक नव्हतं. सेन्सेईंचे सोबती गेले होते. त्यांनी मिळून केलेल्या कामातलं, कुणी हात लावून पाहू शकेल असं एवढंच उरलं होतं, आणि तेही आता फोटो होऊन भिंतीवर जाणार होतं. मास्तरांनी पुन्हा एकदा बसायचं मान्य केलं. इमारत रिकामी करायची तारीख मात्र हलणार नव्हती.

पुढचे दिवस मी केबिनची तार परत जुन्या कपाटांना जोडून स्वतः गाडी चालवत बसले. जुनी म्हणजे नक्की कशी, ते कळल्याशिवाय नवीत काय कमी आहे ते कळणार नव्हतं. पहिल्यांदा माझी गाडी स्टेशन सोडून शेतात गेली असती, फिल्म तेवढी पुढे नव्हती म्हणून वाचले. पण हात बसत गेला. चार दिवसांत मी बऱ्यापैकी खुणेवर थांबायला लागले आणि घरी मुलीला बढाया मारायला लागले. तीच गाडी तार बदलून नव्या डब्यावर चालवली की मात्र माझीही मास्तरांसारखीच फजिती व्हायची. म्हणजे मास्तर म्हणत होते ते खरं होतं. आलेख काहीही म्हणोत.

उलगडा झाला तो माझ्या स्वयंपाकघरात. भात इथल्या विजेच्या कुकरमध्ये होतो आणि झाला की तो गाणं वाजवतो, पण वरणासाठी मला पुण्याहून आणलेला शिट्टीचाच कुकर लागतो. त्या दिवशी डाळ लावून, स्वयंपाकघराचं दार ओढून मी आतल्या खोलीत पुण्याच्या सहकारिणीशी या ब्रेकवरूनच वाद घालत होते. मधेच बोलता बोलता उठले, गॅस बंद केला, परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. मुलगी अभ्यास करत बसली होती. ती जपानीत म्हणाली, ‘आई, तुला कसं कळलं? तू तर मोजत नव्हतीस.’

“काय मोजत नव्हते?”

‘शिट्ट्या.’

मी मोजत नव्हतेच. सहकारिणीच्या अंगावर ओरडत होते. पण माझे कान त्यांचं काम करत होते. मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. पलीकडून सहकारी म्हणत होती, “हॅलो? अगं आहेस ना? आवाज येतोय का माझा?”

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानातून कानात घालायचे बोळे घेतले आणि जुन्या गाडीत बसले. बोळे घातले, गाडी चालवली, ब्रेक लावला. गाडी खुणेच्या पुढे गेली. बोळे काढले, पुन्हा चालवली. गाडी खुणेवर. पुन्हा घातले, पुन्हा चुकली. मग मी ब्रेकच्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐकलं. पंख्यांची घरघर होती, रेकॉर्ड केलेला चाकांचा आवाज होता, आणि त्यांच्या खाली, पाठीमागच्या भिंतीतून, टिकटिकटिकटिक असा बारीक आवाज येत होता. गाडी मंदावत गेली तसा तो विरळ झाला. टिक. टिक. मग शेवटचा टिक, आणि गाडी उभी.

ते रिले होते. विजेची लहान खटकी, आपोआप मिटणारी आणि उघडणारी. ब्रेकचा जोर एक पायरी बदलला की संगणक एक रिले मिटवायचा किंवा उघडायचा आणि त्यातून काटे हलायचे. पहिल्या कपाटात त्यांच्या रांगा होत्या आणि ते कपाट केबिनच्या भिंतीला टेकलेलं होतं. माझ्या नव्या डब्याला रिले लागतच नव्हते. तो काट्यांना थेट हलवत होता, अगदी अचूक आणि अगदी मुकाट्याने. सगळा हिशेब मी आणला होता. त्या हिशेबाचा आवाज हाही गाडीचाच भाग आहे, हे आलेखात कुठे दिसणार होतं?

मास्तरांना फोन करून बोलावलं. जुन्या गाडीत बसवलं आणि कारखान्यात घालतात तसले आवाज अडवणारी कानझाकणी त्यांना दिली. ते साशंक होते, पण घातली. बोट दाखवलं, सिग्नल म्हटला, ब्रेक लावला. त्यांच्या लाडक्या, ओळखीच्या, खऱ्या गाडीने त्यांना खुणेच्या पुढे नेलं. मास्तरांनी पडद्यावरची खूण पुन्हा एकदा पाहिली. मग कानझाकणी काढून एकदम हसायला लागले. असे हसले की डोळे पुसावे लागले.

“पोरांना सांगायचो, डोळ्यांनी बघा, बोटाने दाखवा, तोंडाने म्हणा,” ते म्हणाले. “आणि मी स्वतः कानांनी चालवत होतो!”

मी हे सगळं पाटीवर लिहून सेन्सेईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, दांडी सरकवून पुसलं, आणि मला पुन्हा लिहायला लावलं. मग ते खुर्चीत बसले. फार वर्षांपूर्वीची एक गोष्ट त्यांना आठवली होती. गाडी नवी असताना त्या टिकटिकीची त्यांनाच लाज वाटायची. एवढं आधुनिक यंत्र आणि भिंतीतून उंदीर कुरतडल्यासारखा आवाज! म्हणून त्यांनी कपाट आणि केबिन यांच्यामध्ये जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, भरून घेतला. आठवड्याभरात मोटरमन तक्रार करायला लागले की ब्रेक बिघडला. यांनी सगळा प्रोग्राम पुन्हा तपासला, काही सापडेना. शेवटी कुणीतरी दुरुस्तीसाठी नमदा काढला, तो परत भरायचा राहिला, आणि तक्रारी आपोआप थांबल्या. ‘आम्ही समजलो, आमच्या तपासण्यामुळेच बरं झालं,’ सेन्सेई म्हणाले. ‘पार्टीसुद्धा केली.’

मग ते थांबून म्हणाले, ‘मला आता तो आवाज ऐकू येत नाही. हात ठेवला की कळतो. रोज सकाळी सगळे रिले उठलेत की नाही, ते मी हातानेच बघतो.’

म्हणजे ती खंडेनवमी नव्हती. इतके दिवस त्यांच्या शेजारी उभी राहून मी भक्ती बघत होते आणि ते काम करत होते. तेव्हापासून मला त्यांचा जो आदर वाटतो, तो कुठल्या शब्दात सांगावा मला समजत नाही.

विभागप्रमुखांचं म्हणणं होतं, आवाज रेकॉर्ड करून स्पीकरमधून सोडा, एका दुपारचं काम. मी तेही करून पाहिलं. आवाज हुबेहूब आला, पण सेन्सेई केबिनच्या भिंतीला हात लावून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी नेहमीच्या सौजन्याने ‘छान झालंय’ म्हटलं. मला ते छान चालणार नव्हतं. मी विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, भंगारात जाणाऱ्या पहिल्या कपाटातले रिले मला हवेत. ते काढून केबिनमध्ये मोटरमनच्या टेबलाखाली बसवू आणि नव्या संगणकाचा ब्रेक पुन्हा त्यांच्यातूनच नेऊ. आवाजाची नक्कल नको, जे काम ते करत होते तेच त्यांना करू दे.

“ते बिघडले तर कोण बघणार?” ते म्हणाले. “संग्रहालयात असे लोक नसतात.”

“मी बघीन.”

“निवृत्त होईपर्यंत?”

“त्यानंतरही. सेन्सेई नाही का बघत?”

विभागप्रमुखांनी मोठा सुस्कारा सोडला. जपानी माणसाचा असा सुस्कारा म्हणजे होकार असतो, एवढं मी इथे शिकले आहे.

जुन्या संगणकाला शेवटचं बंद केलं ते सेन्सेईंनी. हिरवा दिवा विझला, पंखे थांबत थांबत थांबले, आणि खोली इतकी शांत झाली की मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. सेन्सेई मात्र कामाला लागले होते. त्यांनी एकेक रिले कपाटातून सोडवून फडक्याने पुसून मला दिला आणि मी तो टेबलाखाली बसवला. रिकाम्या झालेल्या कपाटाचं दार त्यांनी लावून घेतलं आणि वाकून नमस्कार केला. लाल स्टिकर सरळ होतं.

मास्तर पुन्हा आले, तेच हातमोजे घेऊन. या वेळी सेन्सेई केबिनच्या दारात उभे होते आणि त्यांची मूठ वळलेली मला दिसत होती. मास्तरांनी बोट दाखवलं, सिग्नल म्हटला, गाडी काढली. स्टेशन आलं. त्यांनी ब्रेक लावताच टेबलाखालून टिकटिकटिकटिक सुरू झालं, विरळ होत गेलं, आणि गाडी खुणेवर थांबली. त्यांनी पुन्हा चालवली नाही. उठून सेन्सेईंकडे वळले आणि नुसती मान डोलावली. सेन्सेईंना ऐकू येत नाही हे ते विसरले नव्हते.

मग मास्तरांनी असं काहीतरी केलं जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपले पांढरे हातमोजे काढले आणि दोन्ही हातांनी सेन्सेईंपुढे धरले. सेन्सेईंनी ही गाडी घडवली होती, पण मोटरमनच्या खुर्चीत ते चाचणीपुरतेच बसलेले, असं कुणी मानाने बसवलेलं कधी नाही. त्यांनी एकच हातमोजा घेतला, हँडल धरायच्या हातापुरता. दुसरा हात उघडाच ठेवला आणि तळवा टेबलावर टेकवला.

गाडी निघाली. ते पडद्याकडे जवळजवळ बघतच नव्हते. मधेच एकदा त्यांनी हात लांबवून ‘पाऊस’चं बटण दाबलं. मास्तर माझ्याकडे बघून मिश्किल हसले. ओल्या रुळांवरून गाडी स्टेशनात शिरली, सेन्सेईंनी ब्रेक लावला, आणि मी त्यांच्या टेकवलेल्या तळव्याकडे बघत राहिले. बोटं जराशी उचलली गेली, जराशी टेकली. टिक. टिक. शेवटचा टिक त्यांना माझ्याआधी कळला.

खुणेवर. बरोबर खुणेवर.

सेन्सेईंनी सवयीने मान वळवून मागे पाहिलं, हिरवा दिवा असायचा तिथे. तिथे आता काही नव्हतं. मीच उभी होते. मग मी हात पूर्ण लांब करून खुणेकडे बोट दाखवलं आणि त्यांच्याकडे तोंड करून, जेवढ्या मोठ्याने येईल तेवढ्या मोठ्याने ओरडले, “मानिआत्ता!”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. पाटी शेजारीच होती. त्यांनी तिच्याकडे हात केला नाही.